‘झोपली कुठं होती?’

जुलै महिना होता, १९९८ सालचा. पाऊस असा की समोरचं नाचणीचं शेतसुद्धा दिसत नव्हतं. मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी तेव्हा नर्स होते. सकाळी सातच्या सुमाराला जवळच्या आश्रमशाळेतली एक पोरगी, असेल दहा-अकरा वर्षांची, दोन मैत्रिणींच्या आधाराने आली. पोटात दुखतंय म्हणाली. एक उलटी झालेली, घसाही दुखत होता. मी पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. ताप नव्हता. आश्रमशाळेतल्या पोरांना जंत असतातच, हे माझं पाठ झालेलं. जंताची गोळी दिली, वर एक पोटदुखीची दिली, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि लसीकरणाच्या तयारीला लागले.

साडेनऊला त्याच मैत्रिणी पुन्हा दारात. ‘‘बाई, ती डोळेच उघडत नाही.’’ खरं सांगते, मला आधी रागच आला. रात्रभर गप्पा मारायच्या आणि सकाळी झोप येते म्हणून शाळा बुडवायची, असं मनात आलं. जाऊन पाहते तर पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या, बोलणं नाकातून, थुंकीही गिळता येईना. मग मात्र पोटात गोळा आला. जीप मिळवून तिला घेऊन जव्हार गाठलं.

तिथे डॉक्टर होता एक तरुण मुलगा, मराठवाड्याकडून नुकताच आलेला. मी माझं सुरू केलं, ‘‘सर, पोटदुखी, उलटी, जंताची गोळी दिलीये...’’ त्याने ऐकून घेतलं. मुलीच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘रात्री झोपली कुठं होती? खाटेवर की खाली?’’

मला उत्तर माहीत नव्हतं. दिलं ते सोबत आलेल्या मैत्रिणीने. ‘‘आम्ही सगळ्या खालीच झोपतो. रात्री ती दचकून उठली होती. हातावरून काहीतरी गेलं म्हणाली. मग परत झोपली.’’

ही पोरगी सकाळी सातपासून माझ्यासमोर होती. जीपमध्ये माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिला सगळं माहीत होतं आणि मी तिला एक शब्द विचारला नव्हता!

मण्यार चावली होती. अंगावर दाताची खूण शोधून सापडली नाही. सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू झालं, पण श्वास मंदावत चालला होता. म्हणून श्वास देण्याची रबरी पिशवी हाताने दाबत दाबत तिला नाशिकला न्यायचं ठरलं. ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याने उलटं, मोखाड्यावरून, त्र्यंबकवरून. हात भरून आला की दुसऱ्याने पिशवी घ्यायची. आठवडाभर ती मशीनवर होती. वाचली.

मैत्रिणींनो, निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षं झाली. या काळात ‘डॉक्टरांच्या चुका’ या विषयावर पुष्कळ ऐकलं, वाचलं. आपल्याकडे चूक म्हटली की दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे पैशासाठी नको ते ऑपरेशन करणारा डॉक्टर आणि दुसरं म्हणजे ड्युटीवर झोपलेली नर्स. तसे लोक आहेत, नाही असं नाही. पण त्या दिवशी मी झोपले नव्हते आणि कुणाकडून दमडीही घेतली नव्हती. मी कामात होते आणि माझ्या समजुतीप्रमाणे बरोबर होते. चूक एवढीच की ‘पोटदुखी’ म्हटल्याबरोबर ‘जंत’ हे नाव माझ्या डोक्यात बसलं, आणि एकदा नाव बसलं की डोकं पुढे विचारच करत नाही. घसा का दुखतो? जंतांनी घसा दुखतो का? हा प्रश्न मला सात वाजता पडायला हवा होता.

मण्यार या बाबतीत मोठी फसवी. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा दुखत नाही, सूज येत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोट दुखतं, घसा दुखतो, मळमळतं म्हणत. पापण्या उतरतात त्या नंतर. जव्हार-मोखाड्यात, डहाणू-विक्रमगडात, पावसाळ्यात खाली झोपणारी घरं किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. अशा भागात पहाटेच्या पोटदुखीला ‘रात्री कुठं झोपला होतास’ हा प्रश्न विचारणं म्हणजे काही हुशारी नव्हे, ती सवय पाहिजे. याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतल्या संस्थेने सर्पदंशावर काम केलं. गावकरी, आशा, भगत, डॉक्टर अशा सगळ्यांना काय माहीत आहे ते तपासलं. उणिवा गावकऱ्यांच्या माहितीत निघाल्या तशा डॉक्टरांच्याही निघाल्या. मला त्याचं नवल वाटलं नाही. आनंद याचा वाटला की कुणीतरी विचारलं आणि मग शिकवलंही.

विचार करून औषध देणं म्हणजे काय, याचं आपल्या महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण मला नेहमी आठवतं ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं. कोकणातल्या लाल विंचवाने तेव्हा माणसं मरायची, लहान मुलं तर जास्तच. बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेल्याला ठरलेली औषधं द्यायची आणि वाट बघायची, अशी रीत होती. त्यांनी वेगळं काय केलं? ते खाटेपाशी बसले. नाडी, रक्तदाब, श्वास पुन्हा पुन्हा मोजून लिहीत राहिले. माणूस नुसत्या वेदनेने मरत नाही, त्याचा रक्तदाब आधी भडकतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं, हे त्यातून उलगडत गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं की रीतीने चाललेली औषधं या आजाराला लागूच पडत नाहीत, काही तर उलटी पडतात. त्यांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली, आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं. १९८०च्या दशकात हे काम ‘लॅन्सेट’ या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सगळ्यात मला आवडते ती गोष्ट ही की त्यांच्याकडे काही मोठं मशीन नव्हतं. रक्तदाबाचा पट्टा होता, वही होती आणि ‘हे असं का होतंय’ हा प्रश्न होता.

कुपोषणाचंही तेच. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळं राज्य हादरलं. तेव्हा हा ठाणे जिल्हा होता, पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. त्या वेळेपासून मोर्चे, दौरे, योजना पुष्कळ झाल्या आणि त्यातल्या काही उपयोगीही पडल्या. पण एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. अतिकुपोषित मूल दवाखान्यापर्यंत पोचलं तरी तिथे ‘नेहमीसारखे’ उपचार केले तर ते दगावू शकतं. हगवण लागली म्हणून भराभर सलाईन लावलं तर त्याचं दुबळं हृदय तो भार सोसत नाही. पाय सुजलेत म्हणून लघवी होण्याचं औषध दिलं तर घात होतो, कारण ती सूज वेगळी असते. रक्त कमी आहे म्हणून पहिल्याच दिवशी लोह सुरू करायचं नसतं. आणि सगळ्यात फसवं म्हणजे, अशा मुलाला आतून जंतुसंसर्ग असला तरी ताप येत नाही. उलट अंग गार पडतं आणि आपण म्हणतो, ‘ताप नाही ना, मग बरं आहे.’ जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली याची सगळी पद्धत पुस्तकात घालून दिली. पुष्कळ दवाखान्यांत अशा मुलांपैकी पाचातलं एखादं किंवा त्याहून जास्त दगावत होती, आणि नीट पद्धतीने केलं तर हेच प्रमाण शंभरात पाचाच्या खाली आणता येतं, असा त्यांचा सांगावा होता. औषधं तीच, फक्त कुठलं आधी, कुठलं नंतर, किती सावकाश, एवढा विचार करायचा.

आता यात आपला, म्हणजे घरच्या बायांचा, हात किती? बराच आहे. रागावू नका. डॉक्टरने पाच प्रश्न विचारले, तपासलं आणि ‘सुईची गरज नाही, ओआरएस पाजा’ म्हणून सांगितलं तर बाहेर येऊन आपण काय म्हणतो? ‘‘याला काही येत नाही. नुसता विचारतच बसतो.’’ आणि बाजारातल्या ज्या दवाखान्यात शिरल्याबरोबर बाटली लागते तिथे रांग. बाटली लावली की अंगात ताकद येते हा आपला पक्का समज आहे. विचार करणाऱ्या डॉक्टरला आपणच पळवून लावतो, मग म्हणतो इथे चांगला डॉक्टर टिकत नाही!

दुसरी गोष्ट, आपण लपवतो. आधी भगताकडे नेलं होतं हे सांगत नाही. कुठली मुळी उगाळून दिली तेही सांगत नाही. का? कारण सांगितलं की ओरडा बसतो. मीही ओरडलेय, खोटं कशाला बोलू. ‘‘मरायला टेकलं की आणता का आमच्याकडे?’’ हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन. एकदा एका वारली आजीने मला शांतपणे ऐकवलं, ‘‘बाई, तू ओरडतेस म्हणून सांगत नाय.’’ तेव्हा कळलं की माझा आवाज चढला की माहिती बंद होते, आणि माहिती बंद झाली की उपचार अंदाजाने होतात. पेशंटवर ओरडणं हा नुसता स्वभावाचा दोष नाही, त्यातून चुकीचे उपचार होतात. हे नर्सिंगच्या पुस्तकात लिहिलेलं मी पाहिलं नाही, पण लिहायला हवं.

बायकांच्या आजारात तर हे पदोपदी घडतं. लग्न झालेली तरुण बाई ओटीपोटात दुखतं म्हणून येते, सासू सोबत, कधी दीर सोबत. ‘पाळी कधी आली होती?’ असं सगळ्यांच्या देखत विचारलं तर ती खाली मान घालून काहीतरी तारीख सांगणार. आणि तिचा गर्भ नळीत राहिला असेल तर? ती नळी फुटली तर काही तासांत जीव जातो. दोन मिनिटं सासूबाईंना बाहेर बसवून विचारलं असतं तर खरं कळलं असतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या होत्या. १९८९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना अंगावरून जाण्यापासून काही ना काही आजार होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात आठ. बाकीच्यांनी अंगावर काढलं होतं. ‘अंगावर काढणं’ हा शब्द आपल्याकडे किती सहज वापरतात, नाही?

तिसरी गोष्ट जव्हार-मोखाड्याचीच खास म्हणावी अशी. ती म्हणजे चिठ्ठी. खोडाळ्याहून मोखाडा, मोखाड्याहून जव्हार, तिथून नाशिक नाहीतर ठाणे. पहिल्या ठिकाणी घाईघाईत जे लिहिलं, ‘अशक्तपणा’ म्हणा, ‘पोटदुखी’ म्हणा, ते पुढच्या प्रत्येक चिठ्ठीवर उतरत जातं. नाशिकच्या डॉक्टरच्या हातात चिठ्ठी पडते तेव्हा त्याला वाटतं, तिघांनी तपासून हेच ठरवलंय. प्रत्यक्षात एकाने अंदाज केलेला असतो आणि दोघांनी तो उतरवून घेतलेला असतो. त्या १९९८च्या सकाळी मीसुद्धा तोंडी अशीच चिठ्ठी दिली होती, ‘पोटदुखी, उलटी, जंताची गोळी’. त्या डॉक्टरने ती ऐकली, पण मान्य केली नाही.

रक्त कमी असलेल्या मुलींचंही असंच होतं. आपल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आहे. हाडं दुखतात, दम लागतो, डोळे पिवळे दिसतात, आणि कार्डावर वर्षानुवर्षं ‘अ‍ॅनिमिया’ एवढंच लिहिलेलं असतं, सोबत लोहाच्या गोळ्या. एक साधी रक्ताची चाचणी सांगायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण ‘अ‍ॅनिमिया’ हे नाव मिळालं, विषय संपला. २०२३च्या जुलैमध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तपासण्या आता पुष्कळ होतात. तुमच्या घरातली किंवा शेजारची मुलगी गोळ्या खाऊनही सुधारत नसेल तर ‘सिकलसेल तपासलं का?’ एवढं विचारायला हरकत नाही. विचारल्याने डॉक्टरचा अपमान होत नाही. झाला तर होऊ दे.

हल्ली सगळ्यावर उपाय म्हणून यादी निघालीय. ऑपरेशनच्या आधी, मध्ये, शेवटी ठरलेले प्रश्न मोठ्याने विचारायचे. पेशंट तोच ना, बाजू तीच ना, बोळे मोजले ना. ही कल्पना जगभर नेण्यात पुढाकार घेतलेल्या डॉ. अतुल गावंदे यांचं मूळ गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. २००९ साली आठ शहरांतल्या दवाखान्यांची पाहणी छापून आली. त्यात दिल्लीचंही एक इस्पितळ होतं. यादीने मृत्यू दीड टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या आसपास आले. चांगलीच गोष्ट आहे. पण मी लेबर रूममधल्या याद्याही पाहिल्यात. बाळंतपण उरकलं, चहा झाला की एका दमात सगळ्या चौकोनांत टिका! मीही मारल्यात. कागद भरला म्हणजे विचार झाला असं होत नाही. यादीचा उपयोग तिथेच होतो जिथे नर्स डॉक्टरला थांबवून म्हणू शकते, ‘‘सर, एक मिनिट, हे राहिलंय.’’ आमच्या काळात असं म्हणायची किती जणींची छाती होती? आजही किती जणींची आहे?

आणि डॉक्टरांची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. बाजाराच्या दिवशी ओपीडीला रीघ लागते, जागा रिकाम्या असतात, एकच माणूस बाळंतपणही बघतो आणि पोस्टमॉर्टेमही. त्याच्याकडून प्रत्येकाजवळ बसून विचार करण्याची अपेक्षा कशी करायची? माझं म्हणणं, सगळ्यांजवळ नको. जे पोर आईला नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय, जो पेशंट दुसऱ्यांदा परत आलाय, ज्याचं एक लक्षण आजाराच्या नावात बसत नाहीये, एवढ्यांजवळ तरी थांबायचं. ‘आणखी काय असू शकेल?’ हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. माता मृत्यू झाला, बालमृत्यू झाला की चौकशीची बैठक होते. तिथे प्रत्येक जण आपापला कागद छातीशी धरून बसलेला मी पाहिलाय. चूक कबूल केली तर नोटीस. मग कोण बोलणार, आणि बोललं नाही तर पुढची नर्स शिकणार कशी? माझी ती जंताची गोळी मी कुठल्याही बैठकीत कधी सांगितली नाही. आज इथे पहिल्यांदाच लिहितेय.

घरच्या बाईने काय करावं म्हणाल तर, दवाखान्यात जाताना गोष्ट सुरुवातीपासून सांगावी. काल रात्रीपासून काय काय झालं, कशानंतर काय, कुठं झोपला होता, काय खाल्लं, कोणाचं औषध घेतलं, भगताचं असेल तर तेही. औषधाची रिकामी पाकिटं फेकू नयेत, पिशवीत टाकून न्यावीत. पाळीची तारीख आणि ताप कधीपासून हे कालनिर्णयवर खूण करून ठेवावं. आणि ‘आज हा रोजच्यासारखा नाही’ असं वाटलं तर ते सांगावंच, चार वेळा सांगावं लागलं तरी. गडचिरोलीत बंग दांपत्याने चार बुकं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. तान्ह्या बाळाचा श्वास मोजायला, दूध ओढतंय का, अंग गार पडलंय का हे बघायला शिकवलं. १९९९ साली त्याचे आकडे आले, नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले होते. आज तुमच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात ना, त्याची सुरुवात तिथली.

मागच्या उन्हाळ्यात मोखाड्याच्या बाजारात एका बाईने मला हाक मारली. कडेवर पोर, दुसरं पदराला धरलेलं. मी ओळखलं नाही. हाताची बोटं पुढे करून म्हणाली, ‘‘बाई, मण्यार.’’ तीच होती! घर जवळच होतं, ओढूनच घेऊन गेली. कोरा चहा झाला. आतल्या खोलीत खाट होती, खाटेवर मच्छरदाणी आणि तिच्या कडा चारी बाजूंनी गोधडीखाली घट्ट खोचलेल्या. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. हसली आणि म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही तेव्हा मला जंताची गोळी दिलेली ना?’’